‘काही होत नाही’ असं म्हणण्याआधी

मित्रांनो, एक कोडं घालते. सोडवा पाहू!

चार चाकं आहेत, पण दार नाही. इंजिन आहे, पण गिअर नाही. सीट आहे, पण सीटखाली स्प्रिंग नाही. बसलं की जमीन इतकी जवळ, की हात खाली सोडला तर बोटं घासतील. आणि चालवायला लायसन्स? तेही लागत नाही!

बरोब्बर! गो-कार्ट.

सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी, शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये नाहीतर मॉलच्या आवारात तुमच्यापैकी कित्येकांनी ही गाडी चालवली असेल. बाकीचे आई-बाबांच्या मागे लागले असतील. मला तर ही गाडी भारी आवडते. वळणावर टायरचा ‘च्युईंss’ आवाज झाला, की माझ्या वयाची पंचेचाळीस वर्षं ट्रॅकवरच सांडतात!

या गाडीचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये, आर्ट इंगल्स नावाचा एक कारागीर होता. तो शर्यतीच्या मोठाल्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. त्यानं लू बोरेली या मित्राच्या मदतीनं नळ्यांचा सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. झाली गाडी तयार! ती बघायला गर्दी लोटली आणि पुढच्या काही वर्षांत जगभर कार्टचं वेड पसरलं.

आज फॉर्म्युला वनमध्ये जी मंडळी दिसतात, त्यांतल्या बहुतेकांनी लहानपणी कार्टच चालवलेली असते. आपल्या मुंबईचा जेहान दारूवालाही कार्टिंगमधूनच पुढे आला आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. आणि सात वेळा जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाकर? तो चार वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याच्या पायडलच्या गाडीला छोटंसं इंजिन बसवून दिलं. पठ्ठ्यानं ती गाडी नेऊन रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर ठोकली! तेव्हा आई-वडिलांनी काय केलं असेल? गाडी माळ्यावर टाकली? छे! ते त्याला जर्मनीतल्या केर्पेन गावाजवळच्या कार्टच्या ट्रॅकवर घेऊन गेले. गाडी तशीच राहिली, फक्त जागा बदलली. जिथे दिव्याचे खांब नाहीत, समोरून येणाऱ्या मोटारी नाहीत आणि काय करायचं, काय नाही हे सांगणारी माणसं आहेत, अशी जागा.

मला वाटतं, या गोष्टीत आजच्या लेखाचं अर्धं सार आहे. उरलेलं अर्धं सांगण्याआधी मी कोण ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे मोडलेलं हाड जुळून आलं, प्लास्टर निघालं, की आखडलेले हातपाय पुन्हा चालते करणारी बाई. माझ्याकडे येणारी मुलं मला ‘डॉक्टरकाकू’ म्हणतात. (व्यायाम करून घेते तेव्हा मनातल्या मनात आणखी काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे!) झाडावरून पडलेली, सायकलवरून पडलेली, कबड्डीत खांदा दुखावलेली अशी मुलं येतात. आणि अधूनमधून गो-कार्टवाली येतात. कुणाची मान आखडलेली, कुणाचं मनगट सुजलेलं. एका कॉलेजकुमाराला तर बरगडीला मार बसल्यामुळे शिंकसुद्धा भीत भीत द्यावी लागत होती.

मी प्रत्येकाला विचारते, “कसं रे लागलं?” गंमत म्हणजे उत्तरात एक वाक्य हमखास येतं. “डॉक्टरकाकू, तो म्हणाला काही होत नाही, म्हणून मी…”

काही होत नाही! हे तीन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, की आता त्यांचीच मला भीती वाटते. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, हीच तर त्यातली मेख आहे. नव्याण्णव वेळा काही झालं नाही, म्हणून शंभराव्या वेळीही होणार नाही, असं आपण धरून चालतो.

तर मग बघू या, काय होतं आणि का होतं.

मोठ्यांसाठी भाड्यानं मिळणारी कार्ट साधारण ताशी ४० ते ६० किलोमीटर वेगानं पळते. लहान मुलांची गाडी त्याहून हळू असते. ताशी ४० म्हणजे काही फार नाही, बाबांची स्कूटरही तेवढी पळते, असं वाटेल. पण गणित करा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे एका सेकंदात ११ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटर लांब असते. म्हणजे ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत खेळपट्टी पार! आणि या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखंच. वेग दीडपट करून ६० केला तर उंचीही दीडपट होईल? नाही. ती १४ मीटर होते, म्हणजे दुपटीहून जास्त! कारण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. विज्ञानाच्या पुस्तकातलं ते गतिज ऊर्जेचं सूत्र आठवा. परीक्षेपुरतं नसतं बरं का ते!

मग ट्रॅकच्या कडेला भिंतीऐवजी टायर का रचलेले असतात? याचं उत्तर क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जोरात आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? चेंडू थांबायला थोडं अंतर मिळालं, की तळहाताला झिणझिण्या येत नाहीत. टायरची रांगही तेच करते. गाडी १० सेंटीमीटरऐवजी १ मीटरमध्ये थांबली, तर सरासरी धक्का दहा पटींनी कमी बसतो. अर्थात टायर एकमेकांना घट्ट बांधलेले हवेत आणि त्यांच्या लगेच मागे काँक्रीटचा खांब नको!

आता त्या कॉलेजकुमाराची बरगडी. गाडी डावीकडे वळते, पण आपलं शरीर सरळ जायला बघतं. न्यूटनसाहेबांचा पहिला नियम! त्यामुळे आपण सीटच्या उजव्या कडेवर दाबले जातो. स्प्रिंग नसल्यामुळे ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा थेट हाडांपर्यंत पोचतो. सीट मोठी आणि माणूस बारीक असेल, तर वळणागणिक बरगड्या आपटतात. म्हणून मागे-बाजूला फोमची गादी मागून घ्यायची. मनगटाचं कारण वेगळं आहे. पुढचं चाक कशावर तरी आदळलं, की स्टीअरिंग हाताला झटका देऊन फिरतं. अंगठा आतल्या दांडीत अडकवलेला असेल, तर तो सुटायच्या आधीच मुरगळतो.

आणि मान? ती दुखावते पाठीमागून बसलेल्या धक्क्यानं. कार्टभोवती रबरी किंवा प्लॅस्टिकचं कडं असतं, ते बघून पुष्कळांना जत्रेतल्या टकरा मारायच्या गाड्या आठवतात. पण ते कडं अपघात झालाच तर, म्हणून असतं. एका गाडीचं उघडं चाक दुसरीच्या चाकाला लागलं, तर गाडी वर उचलली जाऊ शकते. तसं होऊ नये म्हणून ते लावतात. मागून धडक बसते तेव्हा धड पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मग झटक्यानं पुढे येतं. त्यात लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानानं मोठं, मान नाजूक आणि वर किलो-दीड किलोचं हेल्मेट. एवढा सगळा भार त्या इवल्याशा मानेवर! म्हणून सांगते, मित्राला मागून ठोकणं ही मस्करी नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती थोडी कठीण आहे. पण तुम्ही मोठे झालात, तुमच्यापासून लपवणार नाही.

कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवलेली असतात आणि हा दांडा तुमच्या पाठीमागेच गरगर फिरत असतो. त्याची जाडी साधारण ४ सेंटीमीटर धरू. ताशी ४० च्या वेगाला तो सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतो. आता एक दोरा घ्या आणि पेन्सिलीवर गुंडाळून बघा. तसाच हिशेब केला, तर हा दांडा एका सेकंदात सुमारे दीड मीटर लांबीची वस्तू स्वतःभोवती गुंडाळून घेईल. कमरेपर्यंतची वेणी असते साधारण ६० सेंटीमीटर. म्हणजे किती वेळ लागेल? अर्ध्या सेकंदाहूनही कमी! काय झालं हे कळून पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे अडकल्यावर काहीच करता येत नाही. जे करायचं, ते गाडीत बसण्याआधी.

२०१९ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ अशा अपघातांत दोन तरुणींचा जीव गेला. दोघीही घरच्यांबरोबर, मित्रमंडळींबरोबर मजा करायला गेल्या होत्या. दोघींचेही केस चाकात अडकले. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ साली, फ्रान्समधल्या नीस शहरात इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका उघड्या मोटारीत बसली असताना तिची लांब रेशमी शाल मागच्या चाकात अडकली आणि तिचाही अंत झाला. चाक तेच, चूक तीच.

आपल्याकडे मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूला जाळी असते, बघितलीत? तिला सगळे ‘साडी गार्ड’ म्हणतात. ती शोभेसाठी नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं असलं पाहिजे, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलं आहे. आता तुमच्या लक्षात आलं असेल, की प्रत्येक नियमामागे एक ‘का’ असतो. आणि त्या ‘का’च्या मागे पुष्कळदा कुणाचं तरी दुखणं असतं.

यावरून माझ्या भाचीची गोष्ट सांगते. ती तेव्हा सातवीत होती. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं, मुलंबाळं मिळून फिरायला गेलो होतो. महामार्गालगतच्या एका ट्रॅकवर मुलांनी हट्टानं गाडी थांबवायला लावली. ही भली मोठी रांग! पाऊण तास उन्हात उभं राहिल्यावर आमचा नंबर आला. तिथल्या दादानं भाचीच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. ठेवलं म्हणजे अक्षरशः ठेवलं. तिनं मान हलवली, तर हेल्मेट जागच्या जागी राहिलं आणि आत तिचं डोकं फिरलं! वेणी मागे लोंबत होती.

ती म्हणाली, “दादा, मला लहान मापाचं द्या ना. आणि केसांसाठी टोपी आहे का?”

“लहान नाहीये. बस गं, दोनच तर राऊंड आहेत. काही होत नाही.”

मी पुढे सरसावले, पण त्याआधीच तिनं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. “मग मी नाही बसत,” ती म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, घाबरली वाटतं!” तिचा आतेभाऊ गाडीत बसल्या बसल्या हसायला लागला. मित्रांनो, तिचे कान लाल झालेले मला दिसले. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण ती वळली आणि रांगेतून बाहेर आली. आम्ही आतेभावालाही उतरवलं, कारण त्याच्याही हेल्मेटचा पट्टा तुटका होता. मग काय, तो गाल फुगवून बसला! पैसे परत मिळवायला मला बरीच हुज्जत घालावी लागली, ती गोष्ट वेगळी.

जाताना मी मागे वळून पाहिलं. रांगेतली एक मोठी मुलगी आपल्या मोकळ्या केसांचा अंबाडा घालून ओढणी बॅगेत कोंबत होती.

दीड महिन्यानं आम्ही मुलांना दुसऱ्या एका ट्रॅकवर नेलं. तिथे आधी दहा मिनिटं माहिती सांगितली, डोक्याला कापडी टोपी दिली, मापाची हेल्मेटं दिली. भाचीनं वेणी टोपीत कोंबली आणि अशी काही गाडी चालवली म्हणता! आतेभावाला तिनं दोनदा मागे टाकलं. मी बाहेर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले.

रांगेतून बाहेर पडायला गाडी चालवण्यापेक्षा जास्त हिंमत लागते, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

हेल्मेटबद्दल इतका आग्रह का, तेही सांगते. १९५६ साली पीट स्नेल नावाचा एक अमेरिकन चालक शर्यतीत मरण पावला. त्याचं हेल्मेट त्याचं डोकं वाचवू शकलं नाही. तेव्हा त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी मिळून पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं एक संस्था काढली. ती संस्था आजही हेल्मेटं तपासते. आता याच्या उलट गोष्ट ऐका. २००९ मध्ये हंगेरीत फॉर्म्युला वनचा चालक फेलिपे मासा ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगानं जात असताना पुढच्या गाडीची निखळलेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळली. पाऊण किलोपेक्षा जड होती ती! कवटीला गंभीर इजा झाली, पण तो वाचला आणि २०१० मध्ये पुन्हा शर्यतीत उतरला. चांगलं हेल्मेट काय करतं, ते यावरून कळतं.

तर, पुढच्या वेळी ट्रॅकवर गेलात की एवढं करा. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि मान जोरानं हलवा. डोक्याबरोबर हेल्मेट हललं आणि गालाची कातडी ओढल्यासारखी वाटली, तर माप बरोबर. मग दोन्ही हातांनी मागून वर ढकलून बघा. निघता कामा नये. केस बांधून टोपीत आणि टोपी हेल्मेटच्या आत. ओढणी, स्कार्फ, गळ्यातली माळ, हुडीची दोरी हे सगळं आईच्या पिशवीत. पायात बूट हवेत, चप्पल नको. बुटाची नाडी आत खोचलेली. मोबाईल खिशातही नको. आणि इंजिनाजवळच्या धुराच्या नळीला हात-पाय लावू नका. ती तापलेल्या तव्यासारखी असते.

गाडीत पट्टा असेल तर तो लावायचाच. पण शर्यतीच्या कार्टला पट्टा नसतो, हे ठाऊक आहे? कारण डोक्यावर लोखंडी कमान नसलेली गाडी उलटली, तर बांधलेला माणूस तिच्याखाली चिरडेल. आहे की नाही गंमत? कमान असेल तर पट्टा, नसेल तर नाही. पुन्हा तोच ‘का’!

चालवताना उजवा पाय वेगावर, डावा ब्रेकवर. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा आणि कुणाला मागे टाकायचं नाही. लाल दिसला की सावकाश थांबायचं. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या. गाडी गरकन फिरून मध्येच थांबली तर ब्रेक दाबून धरा, हात वर करा आणि बसून राहा. खाली उतरून पळायचं नाही! मागून येणाऱ्याला गाडी दिसते, गाडीमागून धावत येणारा मुलगा दिसत नाही.

आई-बाबा, पुढचे चार शब्द तुमच्यासाठी. तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं ट्रॅक बघा. मोठ्यांच्या आणि लहानांच्या गाड्या एकाच वेळी सोडतात का? इंजिन आणि मागचा दांडा झाकलेला आहे का? झेंडा घेऊन कुणी उभं आहे का, की सगळे मोबाईलमध्ये आहेत? बंद जागेत पेट्रोलच्या गाड्या असतील, तर धूर बाहेर जायची सोय आहे का? मूल मांडीवर घेऊन एकेरी गाडीत बसू नका. वय, उंची कमी असेल तर खोटी सांगू नका. पाय पायडलपर्यंत पोचत नसेल, तर उंची वाढवून सांगितल्यानं तो पोचणार नाही. अपघातानंतर मान दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर मुलाला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागून उलटी झाली, झापड आली, तर थेट दवाखाना गाठा. आणि मनगट सुजलं तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तो दुखावला तर पुढे हाड वाकडं वाढू शकतं. एक्स-रे काढून घ्या.

आणि एक. तुमचं मूल रांगेतून मागे फिरलं, तर ‘एवढे पैसे भरले ना!’ असं म्हणू नका. पाठीवर हात ठेवा.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, काकूंनी घाबरवलं. नाही रे बाबांनो! मला तुम्ही ट्रॅकवर दिसायला हवे आहात, माझ्या दवाखान्यात नव्हे. वेग वाईट नाही. वेग तर मजेचा असतो. फक्त कुणी ‘काही होत नाही’ म्हणालं, की लगेच मान डोलवू नका. विचारा, “का होत नाही?” उत्तर पटलं तर खुशाल बसा आणि पळवा गाडी. उत्तर मिळालं नाही, तर ट्रॅक पुढच्या रविवारीही असतोच की!